ओटीच्या ब्लाउजपीसपासून हेअरबँडपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत माझे ब्लाउज शिवण्याचे काम बरीच वर्षे चालू होते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत लग्ने पुढे ढकलली गेली आणि ते काम थांबले. मग काही महिने मास्क शिवले. ती मागणीही ओसरली, तेव्हा मास्कचे उरलेले इलास्टिक आणि कपाटात साठलेले ओटीचे ब्लाउजपीस एवढेच भांडवल हाताशी होते. (ओटीतला ब्लाउजपीस घरोघरी फिरतो, हे कोणाला सांगायला नको; सासूबाईंनी दिलेला एक तर तीन वर्षांनी आमच्याच घरी परत आला.) त्यांतल्या एका खणाचा हेअरबँड मी मुलीसाठी शिवला, शेजारच्या दोघींनी तसाच मागितला आणि उद्योगाला सुरुवात झाली.

पहिले हेअरबँड मात्र फसले. मास्कचे इलास्टिक अरुंद असल्याने ते नेफ्यात पीळ खाऊन कानामागे रुतत असे, आणि सर्वांना एकच माप दिल्याने कोणाचा पट्टा घसरे, तर कोणाचे डोके दुखे. त्यानंतर आम्ही कपाळापासून मानेपर्यंतचा घेर टेपने मोजू लागलो व तयार पट्टा त्याहून दीड इंच कमी ठेवू लागलो. 22 इंच घेरासाठी 17 इंच लांब व 9 इंच रुंद पट्टा कापून तो उभा दुमडायचा, कडेला अर्धा इंच दाब (शिलाईबाहेरचे जादा कापड) ठेवून टीप मारायची आणि उलटवायचा. नेफ्याला 9 इंच लांब व 3 इंच रुंद तुकडा घेऊन त्यात 1 इंच रुंदीचे साडेपाच इंच इलास्टिक सेफ्टी पिनने ओवायचे. पट्ट्याच्या टोकांना चुण्या घालून नेफा जोडताना घाई केली, तर सारी शिलाई पहिल्या ताणातच उसवते.

खणाचे कापड देखणे असले तरी कापताच त्याचे धागे सुटू लागतात, म्हणून त्याला आतून मलमलीचे अस्तर लावतो. सुती कापड आटते, यासाठी ते आधी भिजवून वाळवतो. मऊ पडणारा पट्टा हवा असेल तर कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, कापावे लागते. उरेब कापताना तुकडे वाया जातात, त्यामुळे त्याचे थोडे जादा पैसे घेतो, आणि हे मी ग्राहकांना आधीच सांगते.

एका दिवाळीआधी एका पुरवठादाराकडून घेतलेले इलास्टिक दोन धुण्यांतच सैल पडले. परत आलेले सर्व हेअरबँड आम्ही उसवून पुन्हा शिवून दिले आणि त्या महिन्यात हाती काहीच उरले नाही. तेव्हापासून इलास्टिकच्या प्रत्येक गुंडाळीचा हातभर तुकडा आम्ही दोनदा धुऊन व रात्रभर ताणून ठेवतो. तो मूळ मापावर आला, तरच पुढचे काम होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. तिला शुल्क लागत नाही. आता माझ्यासोबत दोघी जणी काम करतात, एक कापते आणि दुसरी इस्त्री व हातशिलाई पाहते. मोठ्या पनह्याच्या ब्लाउजपीसमध्ये पाच हेअरबँड बसतात. आजीच्या ओटीतले खण घेऊन नातीसाठी मागणी नोंदवणाऱ्या बायका बऱ्याच येतात, आणि उरलेले तुकडे, मग ते बोटभर का असेनात, त्याच पिशवीत घालून आम्ही त्यांना परत देतो.