बोल्झानोच्या डोक्यावरचं रिटन पठार

युरोपची सहल म्हटली की आपल्या बडोद्यातल्या टूरवाल्यांचं गाडं माऊंट टिटलिस आणि इंटरलाकेनपाशी येऊन थांबतं. सकाळी बस, दुपारी बर्फ, रात्री भारतीय थाळी. त्यात वाईट काही नाही, पण ज्यांना एका जागी मुक्काम टाकून नुसतं चालायचंय, बसायचंय, त्यांनी नकाशावर इटलीचं उत्तर टोक बघावं. साउथ टिरोल प्रांतात बोल्झानो शहराच्या बरोब्बर वर रिटन नावाचं पठार आहे. शहर 262 मीटर उंचीवर, पठारावरचं ओबरबोत्सेन 1221 मीटरवर, आणि मध्ये रोपवेची 12 मिनिटं.

बोल्झानो चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट खोऱ्यात आहे, त्यामुळे जुलैत तिथे चक्क उकडतं. म्हणून सतराव्या शतकापासून तिथली व्यापारी कुटुंबं 29 जूनला बिऱ्हाड घेऊन पठारावर यायची आणि 8 सप्टेंबरपर्यंत वरच राहायची. मे महिन्यात अबू-सापुतारा गाठणाऱ्या बडोदेकरांना यामागचं कारण समजावायला नको. त्या व्यापाऱ्यांची जुनी उन्हाळी घरं ओबरबोत्सेन आणि मारिया हिम्मेलफार्टमध्ये अजून उभी आहेत.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. सर्वाधिक रात्री इटलीत असतील तर अर्ज इटलीचा. प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. विमान म्युनिक, मिलान किंवा व्हेनिसपर्यंत; तिथून रेल्वेने बोल्झानो. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून येणारी थेट गाडी साधारण चार तास घेते आणि वाट सुरेख आहे. मिलान किंवा व्हेनिसहून येताना बहुतेक वेळा वेरोनाला गाडी बदलावी लागते.

इथे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं आहेत, आणि पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो तो यामुळेच. रिटन म्हणजेच रेनोन, ओबरबोत्सेन म्हणजे सोप्राबोल्झानो, क्लोबेनस्टाइन म्हणजे कोलालबो. हॉटेलच्या ईमेलमध्ये एक नाव, रेल्वेच्या ॲपमध्ये दुसरं. दोन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा.

रोपवेचं स्टेशन बोल्झानोच्या रेल्वे स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवर आहे. सध्याचा रोपवे 2009 चा. मोठ्या केबिन, दर काही मिनिटांनी एक, त्यामुळे बॅगा आणि बाबागाडी घेऊन आरामात चढता येतं. पठारावरच्या बहुतेक मुक्कामांत पाहुण्यांना रिटनकार्ड मिळतं. रोपवे, वरची छोटी गाडी आणि प्रांतातल्या बस त्यात येतात. मेख अशी की कार्ड मिळतं वर पोचल्यावर, आणि पहिली फेरी असते खालून वर. बुकिंग झाल्यावर कार्ड आधी ईमेलने पाठवतील का ते विचारा. नाही म्हणाले तर पहिलं तिकीट काढा आणि चढण्यापूर्वी यंत्रात त्याच्यावर शिक्का मारा. तिकीट आहे पण शिक्का नाही, हे तपासनिसाला चालत नाही. वर्षातून काही दिवस रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतो. तेव्हा बस चालते, पण वेळ बराच जास्त लागतो, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी हे तपासाच.

वर पोचलं की समोरच रिटनची छोटी रेल्वे उभी असते. ही 1907 साली सुरू झाली. तेव्हा ती दातेरी रुळांवरून थेट बोल्झानोच्या चौकातून वर चढायची. 1966 मध्ये रोपवे आला आणि चढाचा भाग बंद झाला. आता मारिया हिम्मेलफार्ट ते क्लोबेनस्टाइन एवढा साडेसहा किलोमीटरचा तुकडा चालू आहे. रूळ मीटरगेज, म्हणजे बडोद्याजवळच्या डभोईच्या जुन्या अडीच फुटी नॅरोगेजपेक्षा थोडे रुंद. (वयात मात्र आपली डभोई-मियागाम सरस. 1862 मध्ये ती सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत होते.) मधल्या वोल्फ्सग्रुबेनला उतरलात तर तळं आहे, आणि जुन्या शेतघरात मधमाश्यांचं संग्रहालय आहे.

मुक्काम किमान तीन रात्रींचा करावा. एका दिवसात वर जाऊन खाली येणाऱ्यांना रोपवे आणि एक कॉफी एवढंच मिळतं. हॉटेलपेक्षा शेतकऱ्याच्या घरातली खोली शाकाहारी कुटुंबाला जास्त सोयीची, कारण अशा बऱ्याच जागांत छोटं स्वयंपाकघर असतं. बॅग चाकांची असेल तर बुकिंगआधीच विचारा की स्टेशनपासून वाट डांबरी आहे की खडीची. खडीवर चाकं तुटतात.

आता जेवण. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टिरोलच्या स्वयंपाकात श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, सर्वत्र असतं, आणि ते आहे हे पदार्थाच्या नावावरून कळेलच असं नाही. गर्स्टेनसुप्पे म्हणजे सातूचं साधं सूप वाटतं. त्यात सहसा श्पेकचे तुकडे असतात. आंबवलेल्या कोबीतही बऱ्याचदा तेच. श्पेकक्नोडेल नको, स्पिनाटक्नोडेल (पालकाचे गोळे) किंवा केझेक्नोडेल (चीजचे) मागवा, पण पावाच्या या गोळ्यांत अंडं असतंच. श्लुत्सक्राप्फेन हा पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेला, करंजीच्या आकाराचा उकडलेला पदार्थ. वरून वितळलेलं लोणी. त्याच्या पिठातही बहुधा अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी उरतं ते मक्याचं पोलेंटा, उकडलेले बटाटे, सॅलड आणि शुटेलब्रोट ही राईच्या पिठाची कडक, कुरकुरीत भाकरी. ‘ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक’ एवढं पाठ करा. मांस, मासे, श्पेक नको असं तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं, कारण श्पेक हा प्रकार काहींच्या लेखी मांसात मोजलाच जात नाही. हॉटेलात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून घेतलं असेल तर हे पोचण्याच्या आधी ईमेलने कळवा. मेन्यू सकाळीच ठरतो.

बडोद्याहून खाऊ नेताना एक नियम लक्षात असू द्या. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, तूप, पनीर बाद. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे यांनाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही घरीच ठेवा. तेलातले थेपले (पिठात दही न घालता केलेले), लीलो चिवडा, भाजलेले मसाले, डाळ-तांदूळ, लोणचं चालतं. कुकर नेणार असाल तर आधी शेगडी कसली आहे ते विचारा. इंडक्शन असली तर ॲल्युमिनियमचा कुकर गरमच होणार नाही. स्टीलचा, आणि तोही इंडक्शनचा तळ असलेला हवा. आपली जाड तीन पिनांची वायर तिथल्या भिंतीत जात नाही, ॲडॅप्टर न्यावा.

दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद, रविवारी बहुतेक ठिकाणी दिवसभर बंद. हॉटेलांची स्वयंपाकघरं साधारण बारा ते दोन आणि सहा ते आठ एवढीच चालतात. साडेआठला जेवायला निघण्याची आपली सवय इथे उपाशी ठेवते. दूध, ब्रेड, भाजी शनिवारी सकाळीच घेऊन ठेवा.

पाहायचं म्हणून एकच निवडायचं तर क्लोबेनस्टाइनहून अर्ध्या तासाच्या सपाट वाटेवर लेंगमूसपलीकडचे मातीचे सुळके. हिमयुगात हिमनदी मागे सरली तेव्हा दगडगोटे मिसळलेली चिकणमाती इथे साचली. कोरडी असते तेव्हा ही माती खडकासारखी कडक. भिजली की चिखल. पाऊस उताराची माती वाहून नेतो, पण मोठ्या दगडाखालची तेवढी कोरडी राहते, आणि आजूबाजूचं गेल्यावर डोक्यावर दगड घेतलेला उंच सुळका उरतो. वरचा दगड पडला की तो सुळका झपाट्याने झिजतो, आणि मागे उतारात नवा तयार होत असतो. नीट पाहिलंत तर टोकदार, दगड गमावलेले सुळके ओळखू येतात.

दुसरी सोपी वाट ओबरबोत्सेन ते क्लोबेनस्टाइन, दीड-दोन तासांची, झाडीतून आणि कुरणांतून. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड 1911 च्या उन्हाळ्यात क्लोबेनस्टाइनला राहिला होता, म्हणून तिला त्याचं नाव दिलंय. थकलात तर मध्येच छोटी गाडी पकडता येते, त्यामुळे आजी-आजोबांनाही चालेल. जरा उंच जायचं असेल तर बसने पेमर्न, तिथून गोंडोलाने (रोपवेच्या छोट्या केबिनने) 2070 मीटरवर, आणि पुढे तासाभराच्या चढाने रिटनर हॉर्न, 2260 मीटर. तिथे दुपारनंतर ढग गडगडतात, सकाळीच जा.

वाटांवर लाल-पांढरे पट्टे आणि क्रमांक असतो. कुरणातल्या गवतात शिरू नका. ते शेतकऱ्याचं पीक आहे, कापून हिवाळ्यासाठी साठवतात, आणि तुडवलेलं गवत यंत्राने नीट कापलं जात नाही. फाटक उघडलंत तर मागे लावा. वासरू सोबत असलेल्या गायीपासून लांब राहा. आपल्याकडे रस्त्यातल्या गायीला सहज हात लावायची सवय असते, इथली गाय अंगावर येते.

आपल्या सुट्ट्यांचं गणित असं बसतं. मेमध्ये वरच्या भागात बर्फाचे पट्टे असू शकतात आणि गोंडोला सुरू असेलच असं नाही. जूनचा पहिला आठवडा फुलांचा, शाळा उघडण्याआधीचा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात पडली तर सगळ्यात उत्तम: लार्चची झाडं पिवळीधमक होतात आणि शेतघरांत ट्योर्गेलेन चालू असतं, म्हणजे नवी वाईन, भाजलेले चेस्टनट आणि भरपूर जेवण. त्या जेवणात मांसाचाच भर असतो; फोन करून सांगितलं तर क्नोडेल, चीज आणि चेस्टनटवर भागतं, वाईन न घेणाऱ्यांना सफरचंदाचा रस मिळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून टॉर्च आणि परतीच्या गाडीची वेळ दोन्ही जवळ ठेवा. नोव्हेंबरमध्ये बरीच हॉटेलं बंद असतात.