ब्रिजखालची तार

जुलैतल्या एका भिजट सकाळी माझ्या गिटार-दुरुस्तीच्या वर्कशॉपवर एक मुलगी बास गिटार घेऊन आली. मूळची कोल्हापूरची, पुण्यात नोकरी, संध्याकाळी बँड. बास सेकंडहँड, जपानी बनावटीचा, १९६२च्या फेंडर जॅझ बासच्या धर्तीचा : सनबर्स्ट रंग, तारांची कंपनं पकडणारे एकेरी गुंडाळीचे म्हणजे सिंगल कॉइलचे दोन पिकअप, क्रोमच्या प्लेटवर तीन नॉब. तिचा पहिलाच. सोबतच्या पिशवीत ऑनलाइन मागवलेला जड ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं धरणारा धातूचा भाग, आवाज घडवणारा नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप आणि गुळगुळीत गुंडाळीच्या फ्लॅटवाउंड तारांचा संच.

पहिला बास घेतला की हे बहुतेकांचं होतं. वाद्य हाताला बसायच्या आत स्क्रूड्रायव्हर हातात येतो. माझी तक्रार नाही, माझं पोट त्यावरच चालतं.

काय काय करायचं याची यादी तिने फोनवर लिहून आणली होती. शेवटची ओळ होती : ब्रिजची अर्थची तार कापणे.

"ही कशाला?"

"गाताना माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, काका. एका व्हिडिओत सांगितलंय, ही तार काढली की थांबतं."

मी हातातली सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवली. बाकीच्या यादीला घाई नव्हती, या ओळीला होती.

बासच्या ब्रिजखालून एक बारीक तार आत जाते आणि पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागाच्या, पाठीला सोल्डर केलेली असते. तिथून जॅक, जॅकमधून केबलची जाळी, तिथून अँपची चेसिस. म्हणजे वादकाची बोटं तारांवर असतात तेव्हा तो खरं तर अँपच्या पत्र्यालाच धरून उभा असतो. हे मुद्दाम केलेलं असतं. माणसाचं अंग आजूबाजूच्या वायरिंगमधली घरघर ओढून घेतं. ते अर्थला जोडलं की सिंगल कॉइल पिकअपमधली घरघर बरीच कमी होते. ईएमजीसारख्या कंपन्यांच्या काही अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या पिकअपना ही तार लागत नाही, जोडू नका असं कंपनीच सांगते. तिच्या बासमध्ये ते पिकअप नव्हते. शिवाय जॅझ बासची कंट्रोल प्लेट धातूची, अर्थला जोडलेली. तार कापली तरी व्हॉल्यूम फिरवताना हात प्लेटला लागणार, आणि झिणझिण्या परत हजर.

"पण ही तार वीज तयार करत नाही," मी म्हटलं, "ती फक्त तुझ्यापर्यंत पोचवते. येतेय कुठून ते बघायला हवं. सराव कुठे करता?"

कोथरूडला, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये. दुपारी मल्टीमीटर घेऊन तिच्याच स्कूटरवर मागे बसून गेलो. गॅरेजची फरशी ओली, कारण ड्रमरची छत्री तिथेच निथळत होती. अँप, मिक्सर, सगळं जोडायला लावलं आणि कुणी कशाला हात लावू नका म्हणून सांगितलं. मीटर एसीवर घेऊन एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं बासच्या ई तारेला. नव्वद व्होल्टच्या आसपास आकडा आला. ड्रमर खुर्चीवरून उठून बघायला आला.

मिक्सर भिंतीतल्या सॉकेटवर होता, त्याला अर्थिंग होतं. अँप मात्र एक्स्टेंशन बोर्डवर. बोर्ड दिसायला झकास, तीन पिनांचं सॉकेट, तीन पिनांचा प्लग. पण मधली वायर पंख्याला वापरतात तसली पिळाची, दोनच तारांची. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब ठेवतात ती सगळ्यांत आधी अर्थ जुळावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून. इथे त्या पिनेच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं. असे बोर्ड मी मांडवात, लग्नाच्या हॉलमध्ये, ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर इतके पाहिलेत की आता स्टेजवर गेलो की आधी खाली बघतो.

अँपच्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून चेसिसला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर त्यातून येणारा बारीकसा करंट तिकडे निघून जातो. नसेल तर चेसिस २३०च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. त्यात दम नसतो, म्हणून फक्त झिणझिण्या. पण त्या अँपमध्ये उद्या फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट तिच्या बोटांतून ओठांपर्यंत. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच गेला. हे मी तिला सांगितलं. घाबरवायला नव्हे, खरं तर थोडं घाबरवायलाच.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तीन तारांची वायर आणली, बोर्ड तिथेच उघडून बदलला. सॉकेटचं अर्थिंग तपासलं : फेज ते अर्थ २२८, न्यूट्रल ते अर्थ दोनच्या आत. परत माईक ते बासची तार मोजलं, आकडा जवळपास शून्य. घरमालकांना वायरमनकडून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "बघू." मी ड्रमरला म्हटलं, पाठपुरावा तुझा.

मग बास. प्रीअँपसाठी बॅटरीला जागा करायची तर मागून लाकूड उकरावं लागलं असतं, आणि उकरलेलं लाकूड परत येत नाही. त्याऐवजी एका व्हॉल्यूमच्या जागी ओढायचा पॉट टाकला. वर ओढला की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, आवाज जाडसर आणि मोठा. नको झालं तर तासाभरात जुनं परत. घरघर अडवायला आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवली. एकच पिकअप चालू ठेवला तर थोडी घरघर राहणारच. दोन्ही पूर्ण उघडले की ते एकमेकांची घरघर खोडतात, कारण दुसऱ्याची गुंडाळी आणि चुंबक दोन्ही उलटे असतात. जड ब्रिज तिच्या हट्टाखातर बसवला. पाच स्क्रूंची भोकं जुळली, आवाजात मला फरक ऐकू आला नाही, तिला आला.

खरा बदल फ्लॅटवाउंड तारांनी केला. शिवाय ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा. साठच्या दशकात फेंडरचे बास कारखान्यातूनच तारा दाबायची सोय घेऊन येत. सूर लांबत नाही, ठप्प बसतो, आणि ड्रमच्या किकशी नीट जुळतो.

या तारांचा ताण जास्त. त्यात पावसाळा, नेक म्हणजे बासची मान पुढे वाकलेली. या धर्तीच्या बासमध्ये नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा, ट्रस रॉडचा, नट नेकच्या बुडाशी लपलेला असतो. तो पाव वळसा फिरवायचा तरी तारा सैल करून, चार स्क्रू काढून अख्खी नेक बाहेर काढावी लागते, मग परत बसवून बघायचं, जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. बाकी सगळ्या कामापेक्षा वेळ यातच गेला. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की ती नेक परत सरळ-वाकडी होणार आणि परत काढावी लागणार. त्याचे पैसे वेगळे, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.