आम्ही पाच दिवस उशीर केला

या लेखात मुलीचं, तिच्या घरच्यांचं, आरोपीचं, मंडळीचं म्हणजे आमच्या चर्चचं, गावाचं, कशाचंच नाव येणार नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, त्याचं कलम २३ तसं सांगतंच, पण कायदा नसता तरी लिहिलं नसतं. आमच्यासारख्या लहान ख्रिस्ती वस्तीत आरोपीचं नाव घेतलं की मुलगी कोण हे पाच मिनिटांत कळतं. काही तपशील मुद्दाम बदललेत. मुलगी आता सज्ञान आहे आणि तिला विचारूनच लिहिते आहे. तिनं एकच अट घातली: "बाई, तुमच्या चुका पण लिहा."

तर आधी त्याच लिहिते.

डिसेंबर २०१८. नाताळात घरोघरी जाऊन गाणी म्हणायच्या कॅरल राउंडची तयारी चालू होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, संडे स्कूलला शिकवणारी आणि त्या वर्षी मंडळीच्या कमिटीची सेक्रेटरी. गुरुवारी संध्याकाळी मुलीची आई शेवग्याच्या शेंगा घेऊन घरी आली. ती कधी अशी यायची नाही. शेंगा ओट्यावर ठेवल्या, पाणी प्यायली, परत शेंगांची जुडी उचलून हातात घेतली आणि म्हणाली, "ती आता सरांच्या गाडीवर बसायचं नाही म्हणती."

सर म्हणजे आमचे गायनाचे सर. वीस-बावीस वर्षं एक पैसा न घेता त्यांनी मंडळीची मुलं गाण्यात तयार केली. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली. तालीम संपली की लांबच्या मुलींना ते स्कूटरवर घरी सोडत, आणि ही मुलगी नेहमी शेवटची असे. वय चौदा. पुढचं आईनं जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो "नक्की का?" ती बाई जुडीची सुतळी सोडत-बांधत राहिली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. ही पहिली चूक. दुसरी त्याच रात्री केली. मुलीला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांसमोर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंसमोर, परत तेच. म्हणजे पोलिसांपर्यंत पोचायच्या आधीच त्या पोरीनं आईला, मला आणि साहेबांना असं तीनदा सांगितलं होतं. पुढे कोर्टात आरोपीच्या वकिलानं नेमकं हेच उचललं: प्रत्येक वेळी वेगळं सांगितलंय म्हणून. शाळेत चाळीस वर्षं मुलांशी बोलण्यात घालवली, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मुलानं सांगितलं तर ऐकायचं, "तुझी चूक नाही" म्हणायचं, त्याचेच शब्द तारखेसकट लिहून ठेवायचे आणि तिथेच थांबायचं. तपास हे आपलं काम नाही.

तिसरी चूक बैठक. शनिवारी कमिटी बसली, आणि मिनिट्स मीच लिहिले. तिथे बायबलच्या वचनांना तोटा नव्हता. एकानं मत्तयाचा अठरावा अध्याय काढला: भावानं अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांगा. दुसऱ्यानं करिंथकरांस पत्र: विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये. त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, थोडं वर, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची गोष्ट आहे. ती कुणी वाचली नाही. मीही नाही. "मंडळीची अब्रू" हा शब्द मात्र किती वेळा आला ते मिनिट्समध्ये मोजता येतं. बायबलमध्ये दावीद राजाच्या मुलीवर, तामारवर, सावत्र भावानं बळजबरी केली तेव्हा सख्ख्या भावानं तिला गप्प राहायला सांगितलं आणि दावीद राजा नुसता संतापला. बैठकीहून घरी येताना मला तीच आठवत होती, आणि तरीही रविवार मी गप्पच राहिले.

सोमवारी कमिटीचे दोन वडीलधारे सरांच्या घरी "विचारायला" गेले. सरांनी अर्थातच नाही म्हटलं. त्याच रात्री त्यांच्या फोनमधले मेसेज पुसले गेले. आम्हीच त्यांना सावध केलं, दुसरं काय.

मंगळवारी भाचीला फोन लावला. ती वकिली करते. मी पाल्हाळ लावला तशी तिनं मधेच तोडलं. "आत्या, तुला कळून किती दिवस झाले?" पाच, म्हटलं. "मग आता तू पण गुन्ह्यात आहेस. सगळी कमिटीच." तेव्हा पहिल्यांदा कळलं की पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. पाळक असो, शिक्षक असो, शेजारीण असो. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. खरं-खोटं ठरवून मगच कळवा असं कायदा कुठेही म्हणत नाही. उलट प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. "बैठक घ्या हो," भाची म्हणाली, "पण फोन केल्यावर."

त्या रात्री आम्ही पोलीस स्टेशनला गेलो: आई, मुलगी, मी आणि पाळकसाहेब. साहेब आले याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. गेटपाशी पोचेपर्यंत ते येतील असं मला वाटत नव्हतं. तिथे आधी "मंडळीतच मिटवता येत नाही का" हे ऐकून घ्यावं लागलं. भाचीनं कागदावर कलमं लिहून दिली होती, ती मी शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचून दाखवली. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, गणवेशात नाही, शक्यतो मुलीच्या घरी. मुलीला रात्री पोलीस स्टेशनात थांबवायचं नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनं करायची, आई जवळ हवी. एफआयआरची प्रत फुकट. रात्री अकराला गुन्हा नोंदला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पंजाबी ड्रेसमधली फौजदार बाई त्यांच्या घरी आली. तिनं आधी चहा मागितला, मग मुलीच्या वहीवरच्या स्टिकरविषयी विचारलं. पाऊण तासानं कामाचं बोलली.

पुढचे टप्पे भरभर सांगते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवलं. समितीनं एक सपोर्ट पर्सन दिली. ती जिल्ह्याच्या गावाहून येणारी समाजसेविका, आणि या सगळ्या प्रकरणात मुलीचा खरा आधार कोण असेल तर ती. दंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा जबाब झाला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आल्यापासून ते कलम १८३ झालंय. अशा पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भरला; त्या पैशातून समुपदेशनाला शहरात जायचा खर्च निघाला. खटला विशेष न्यायालयात, बंद दाराआड. मुलीला आरोपी दिसू नये म्हणून मधे पडदा. वकिलाचे प्रश्न न्यायाधीश बाईंमार्फत. मुलीची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात, असं कायद्यात लिहिलंय. आमच्या मुलीची साक्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली, मग लॉकडाऊन आला आणि निकाल लागला २०२२ मध्ये. शिक्षा झाली. अपील उच्च न्यायालयात आहे.

पण मला जास्त लिहायचंय ते या तीन वर्षांत मंडळीनं काय केलं त्याबद्दल. कोर्टाचं काम कोर्टानं केलं, आमचं आम्हाला जमत नव्हतं.

चार महिन्यांनी सरांना जामीन मिळाला आणि पुढच्याच रविवारी ते भक्तीला आले. नेहमीच्या पहिल्या बाकावर. लोकांनी सलाम केला, दोघांनी गळाभेट घेतली. मुलगी आणि आई मागच्या दारानं निघून गेल्या. त्यावर कमिटीतल्या एकाचा तोडगा काय, तर मुलीकडच्यांनी संध्याकाळच्या भक्तीला यावं. मी राजीनामा खिशात घालूनच त्या बैठकीला गेले होते. काढावा लागला नाही, कारण पाळकसाहेब स्वतः म्हणाले की जागा सोडायची तर ती पोरीनं नाही. त्यांनी सरांना लेखी कळवलं: खटला संपेपर्यंत मंडळीच्या आवारात येऊ नये, प्रार्थना आणि प्रभुभोजनाचा विधी घरी येऊन करू. महिन्यातून एकदा ते जातही होते. त्यावरून आमच्याच बाजूच्या काहींनी त्यांना बोल लावले. मला ते बरोबर वाटलं. पापी माणसाला पाळक भेटायलाच हवा, पण मुलं बसतात त्या खोलीत नव्हे.

त्यानंतरच्या रविवारी साहेबांनी एक निवेदन वाचून दाखवलं. नाव नाही, तपशील नाही. एवढंच की एका मुलाविषयीची तक्रार पोलिसांकडे दिली आहे, मंडळीनं द्यायला उशीर केला, त्याबद्दल आम्ही दोषी आहोत. मुलीविषयी कुणी चर्चा करू नये. आणि आणखी कुणाला काही सांगायचं असेल तर या दोन बायकांकडे यावं. त्यातली एक मी, दुसरी एक नर्स.

दोघी आल्या. एक अठ्ठावीसची, दुसरी छत्तीसची. त्याच सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. इथे मी एक गोष्ट शिकले. लहान मुलाबाबत कळवणं सक्तीचं, तिथे विचारायचं काही नाही. पण मोठ्या बाईनं पोलिसांत जायचं की नाही हे तिनं ठरवायचं. अठ्ठावीसची गेली. छत्तीसची म्हणाली, "नवऱ्याला माहीत नाही, मला फक्त कुणीतरी खरं मानायला हवं होतं." आम्ही तिला ढकललं नाही. ती दर पंधरवड्याला नर्सबाईंकडे चहाला येते, अजूनही.

क्षमेचं प्रकरण याहून अवघड. महिला मंडळातल्या तिघी-चौघी आईला गाठून सांगायच्या की क्षमा कर, नाहीतर देव तुझीही करणार नाही. त्या दुष्ट नव्हत्या, लहानपणापासून तेच ऐकत आल्या होत्या. एका बैठकीत मी त्यांना बायबलमधल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट विचारली. तो नुसतं "चुकलो" म्हणाला का? जे लुबाडलं ते चौपट परत करतो म्हणाला, भर लोकांत. सरांनी काय परत केलं? त्यावर एकजण म्हणाली, "बाई, तुम्ही फार शिकवता." असेल. पण आईच्या घरचे फेरे थांबले.

शेजारच्या गावी कॅथलिक सिस्टरांची शाळा आहे. तिथल्या एका सिस्टरशी माझी जुनी ओळख. २०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या नव्या नियमांबद्दल तिनं सांगितलं: प्रत्येक धर्मप्रांतानं वर्षभरात तक्रार घ्यायची उघड व्यवस्था करायची, धर्मगुरू-भगिनींना कळलं तर त्यांनी वरिष्ठांना कळवायचंच, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायचं बंधन घालायचं नाही. देशाचा कायदा पाळायचा तो आहेच. त्याच डिसेंबरात अशा प्रकरणांवरची 'पोपचं गुपित' म्हणून असलेली गोपनीयताही काढली. कागदावरचं प्रत्यक्षात किती येतं हा प्रश्न तिलाही होता. पण आमच्याकडे कागदही नव्हता. आमच्यात प्रत्येक मंडळीचं आपलं आपलं.

म्हणून एक पान आम्हीच लिहिलं. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं. एकट्या मुलाला गाडीवरून सोडायचं नाही. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, गटात पालक हवेत. कळलं की त्याच दिवशी पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. सगळ्यात वाद झाला तो वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चलगतच्या पाळकांच्या खोलीच्या, दाराचा. त्या सागवानी दाराला मधे काच बसवायची होती. सुतारानं वरची फळी कापायला घेतली तेव्हा कमिटीतले एक आजोबा समोर उभे राहून म्हणत होते, मिशनरींच्या काळातलं दार आहे. सुतार थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काप. भुसा पडला तो आजोबांनीच झाडूनं गोळा केला, काही न बोलता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा दिल्याची बातमी वाचली. ख्रिस्ती मुलांची उन्हाळी शिबिरं चालवणाऱ्या एका बॅरिस्टरनं केलेल्या छळाची माहिती त्यांना २०१३ मध्ये मिळाली होती, पोलिसांना कळवलेलं आहे असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांनी पुढे पाठपुरावा केला नाही. तो माणूस खटल्याशिवायच २०१८ मध्ये मेला. पेपर हातात धरून मी कितीतरी वेळ बसले होते. आमचे पाचच दिवस गेले, असं म्हणायची सोय नाही. भाचीला फोन लावला नसता तर किती गेले असते मला माहीत नाही.

मुलगी आता बाहेरगावी शिकते. गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. तिकडच्या एका मंडळीत ती अधूनमधून जाते, मागच्या बाकावर बसते, गाण्याच्या वेळी बाहेर येते. तिला सभासदत्वाचं बदलीपत्र हवं होतं. फॉर्मवर "कारण" असा रकाना आहे. मी विचारलं, काय लिहू?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिक्षणासाठी लिहा बाई. नाहीतर तिकडचे विचारत बसतील."

मी तेच लिहिलं आणि शिक्का मारला.