दहा वर्षं झाली, आता बदलायचं का?

मी प्लास्टिक सर्जरी विभागात समुपदेशक आहे हे कळलं, की थोड्या वेळाने कुणीतरी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतंच: "ब्रेस्ट इम्प्लांट दहा वर्षांनी बदलावंच लागतं ना?" आणि मग घाईघाईने, "एका मैत्रिणीसाठी विचारतेय." मैत्रीण खरी असो वा नसो, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नाही. औषधाच्या बाटलीवर असते तशी एक्स्पायरी इम्प्लांटवर नसते. दहाचा आकडा कंपन्यांच्या वॉरंटीतून आणि दहा वर्षांच्या पाहणीतून लोकांच्या तोंडी बसला असावा, असा माझा अंदाज. 1962 साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसी या बाईंना पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले गेले. पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या शरीरात तेच होते. पण म्हणून ते जन्मभर पुरतील असंही धरून चालू नका. वर्षं जातील तशी तक्रारींची शक्यता वाढते, आणि कमी वयात बसवलेल्या बाईला आयुष्यात पुन्हा एकदा तरी ऑपरेशन लागण्याची शक्यता बरीच असते.

मग बदलायचं कधी? सलाईनचं इम्प्लांट फाटलं तर सांगावं लागत नाही. मिठाचं पाणी शरीरात जिरतं, थोड्याच दिवसांत ती बाजू बसते आणि आरशात कळतं. सिलिकॉनची गोष्ट वेगळी. आतली जेल घट्ट असते, आवरणाला चीर गेली तरी ती बहुतेक वेळा जागीच राहते. दुखत नाही, आकार बदलत नाही. याला 'सायलेंट रप्चर' म्हणतात. हाताने तपासून ते कळेलच असं नाही, मॅमोग्राफीतही निसटतं. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 मध्ये सांगितलं, की काहीही तक्रार नसली तरी सिलिकॉन इम्प्लांट असलेल्यांनी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी. फाटल्याचं दिसलं, तर ते काढायचा सल्ला दिला जातो. काढलेल्या जागी नवीन घालायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

माझ्याकडे जास्त करून ज्या येतात, त्या मात्र कडकपणाची तक्रार घेऊन. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती व्रणाच्या पेशीजालाचं वेष्टण तयार करतं. हे प्रत्येकीत होतं, त्यात बिघडलेलं काही नाही. काहींमध्ये ते वेष्टण आवळत जातं: आधी हाताला टणक लागतं, मग आकार ओढला जातो, शेवटी दुखू लागतं. डॉक्टर त्याचे बेकरच्या मोजपट्टीने चार टप्पे करतात. तिसऱ्या-चौथ्यात सहसा ऑपरेशनचा विषय निघतो. कॅन्सरनंतर पुनर्रचना करून घेतलेल्या आणि रेडिएशन झालेल्या बायकांत हे जास्त दिसतं. त्यांना "हौसेचं ऑपरेशन, मग भोगा" असं ऐकवणारे नातेवाईक मी पाहिलेत. हौसेने करून घेतलेलीलाही हे ऐकवायचा हक्क कुणाला नाही, ते सोडा.

एका लक्षणाला मात्र थांबू नका: वर्षानुवर्षं सगळं ठीक असताना एका बाजूला अचानक सूज. आत पाणी साठलेलं असू शकतं. बहुतेकदा कारण साधं निघतं. पण क्वचित तो खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, असतो, म्हणून ते पाणी काढून तपासायलाच हवं.

आता कंपनीचं. 2019 मध्ये ॲलरगन कंपनीचे खरबरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट याच लिम्फोमामुळे जगभरातून परत मागवले गेले, तरी लक्षणं नसलेल्यांनी ते काढावेत असं एफडीएने म्हटलं नाही. उलट फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाचं नसलेलं सिलिकॉन भरल्याचं 2010 मध्ये उघडकीला आलं, तेव्हा पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारने तक्रार नसली तरी काढून घ्या असा सल्ला दिला. दोन बातम्या, दोन सल्ले. आपल्या आत कुठलं आहे हेच माहीत नसेल, तर अशी बातमी वाचून नुसती झोप उडते.

आकार आवडेनासा झाला, वजन बदललं, बाळंतपणानंतर सगळं खाली आलं, हीसुद्धा बदलण्याची कारणं आहेतच. घाई मात्र नसते. आणि नुसतं काढून टाकायचं, नवीन काही नको, असंही चालतं. कातडी सैल पडते, हवं तर ती उचलून घेता येते. हा पर्याय कुणी आपणहून सांगितला नाही, तर तुम्ही विचारा.

ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं कार्ड शोधून ठेवा. त्यावर कंपनी, सिरियल नंबर, आकार असतो. हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून कागदपत्रांची प्रत मागा, आणि लवकर मागा. जुने कागद कायम ठेवलेच जातात असं नाही. मॅमोग्राफीला गेलात तर टेक्निशियनला आधीच सांगा, त्यांना इम्प्लांट मागे सरकवून जादा फिल्म घ्यावी लागते.