सणाचा रविवार आणि साधा रविवार

कापणीचा सण जवळ आला की आमच्या चर्चच्या आवारात आधी ऊस यायचा. शनिवारी दुपारी तरुण संघाची मुलं मंडईतून हातगाडी ढकलत आणायची. संध्याकाळपर्यंत वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि केळीचे खांब उभे राहायचे, मधल्या वाटेवर झेंडूच्या माळा लागायच्या. पुण्याच्या पेठेत राहणाऱ्यांना कसली आलीय कापणी, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या मंडळीतली बरीच घरं मूळची नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केलं. त्या कामातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या शिक्षक, नर्स, कारकून, कारखान्यातले कामगार होऊन पुण्यात आल्या. कोणाचे चुलते राहुरीला, कोणाचा थोरला भाऊ नेवाशाला अजून शेती करायचा. त्यांच्याकडून एसटीच्या टपावरून पोती यायची. बाजरी, हुलगे, भुईमुगाच्या शेंगा, एखादा लाल भोपळा.

ज्यांना शेत नव्हतं ते आपल्या कामाचं पहिलं फळ आणायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले एक काका पगारवाढीचा पहिला फरक पाकिटात घालून द्यायचे. शिवणकाम करणाऱ्या मावशी नवं परकर-पोलकं शिवून आणायच्या. आई शाळेत शिक्षिका. ती गच्चीवरच्या तेलाच्या डब्यांत वाढवलेल्या मिरच्या आणि कढीलिंब न्यायची, आणि तेवढंच नेताना तिला कधी संकोच वाटल्याचं मला आठवत नाही. टाळ-मृदंगावर भजन सुरू झालं की सगळे ओळीने आपापलं दान घेऊन वेदीपाशी जायचे. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि भजन सोबत आणलं, म्हणूनच पेठेतल्या चर्चमध्येही देवाचे उपकार आम्ही ओळखीच्या चालींवर आठवत होतो. त्या चालींत आमचे आजी-आजोबा परके झाले नाहीत, हे त्यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

उपासना संपली की आवारात लिलाव. मंडळीतले एक वडीलधारे टेबलामागे उभे राहून बोली पुकारायचे. गावरान कोंबडीला चांगला भाव यायचा, लाल भोपळा बहुतेक पाळकीणबाईंकडेच, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीकडेच जायचा. पण सगळ्यांत जास्त पैसे मिळायचे ते एका अंड्याला, नाहीतर एका लिंबाला. एखाद्या म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीत बांधून आणलेलं ते अंडं कोणीतरी मोठ्या बोलीने घ्यायचं आणि पुन्हा टेबलावर ठेवायचं. मग दुसरा घ्यायचा, तोही परत ठेवायचा. त्या बाई समोरच्या बाकावर बसून हे सगळं पाहत असायच्या. आपण आणलेलं अंडं इतक्या जणांना हवंय, हे त्यांना दिसत राहायचं. लिलावाचा पैसा कौलं बदलायला, मुलांच्या फीला, कोणाच्या औषधाला जायचा.

एका वर्षीचा लिलाव मी विसरणार नाही. मंडळीतल्या दोन जावांचं वाड्यातल्या खोल्यांवरून बिनसलेलं होतं. एक पहिल्या बाकावर बसायची, दुसरी दाराजवळ. धाकटीने त्या वर्षी हाताने विणलेली टोपली भरून शेंगा आणल्या होत्या. बोली सुरू झाली आणि थोरली हात खाली घेईना. भाव कुठल्या कुठे गेला, बाकीचे गप्प झाले. तिसऱ्या पुकाऱ्याला टोपली थोरलीची झाली. तिने ती उचलली, घरी नेली आणि पुढच्या रविवारी रिकामी टोपली धुऊन धाकटीच्या हातात दिली. खोल्यांचा वाद मिटायला पुढे बराच काळ गेला, तोही वकिलामार्फतच. पण त्या दिवसापासून दोघी एका बाकावर बसू लागल्या आणि प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, एकामागोमाग एक गुडघे टेकू लागल्या. वेदीपाशी दान आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. ते वचन संडे स्कूलमध्ये आम्ही पाठ केलं होतं. ते घडताना मात्र मी त्या आवारात पाहिलं.

चर्चला कशासाठी जायचं, असं आज कोणी विचारलं की मला आधी ही टोपली आठवते. प्रश्न विचारणारे बहुतेक चांगलेच लोक असतात. माझा भाऊही विचारायचा. देव काय घरी भेटत नाही? भेटतो. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर, हेही त्याच प्रवचनात आहे. पण ज्याने हे सांगितलं तो स्वतः आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जात असे, असं शुभवर्तमानात लूक लिहितो. त्याच्या गावच्या, नासरेथच्या सभास्थानात त्याला कोणी फार समजून घेतलं असंही नाही, उलट गावाबाहेर हाकलून कड्यावरून लोटायला निघाले. तरी तो जात होता. घरच्या प्रार्थनेत मी माझ्या माणसांसाठी मागते. ज्यांच्याशी माझं पटत नाही, ज्यांची दुखणी मला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी गुडघे टेकायला मला रविवारची उपासना लागते. तिथे पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं वाचतात आणि मी 'आमेन' म्हणते, तेव्हा ती माणसंही माझी होतात.

प्रीतिभोजनाची पंगत हाही त्याचाच भाग. नाताळानंतरच्या रविवारी आवारात सतरंज्या अंथरून आम्ही बसायचो, मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा, भात, कांदा-लिंबू. वाढायला तरुण संघ. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय आमच्यापासून लांब नव्हतं. १८८५ साली बांधलेल्या त्या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा ऐकू आल्या की आजोबा हमखास चहाची गोष्ट सांगायचे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. पुढे तिथे गेलेल्यांची यादी गोपाळराव जोश्यांनी छापून आणली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. एका कपाने इतकं वादळ उठलेल्या शहरात वेगवेगळ्या जातींतून आलेली आमची माणसं एका सतरंजीवर बसून एका पातेल्यातलं जेवत होती. चर्चमध्ये जात पूर्ण पुसली गेली असं मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना ती डोकं वर काढते आणि त्याचं मला दुःख आहे. पण ज्यांनी लहानपणापासून एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं, त्यांना ते दुःख निदान होतं तरी.

महिला मंडळाचा दिवस मार्चमधला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि त्या एका दिवसात जगभर तोच क्रम म्हटला जातो. दिवस आधी उजाडतो त्या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर सुरुवात होते आणि सूर्याबरोबर ती प्रार्थना पश्चिमेकडे सरकत येते. आमच्या मंडळाच्या बायका आठवडाभर आधी एकत्र बसून मराठी पत्रिका वाचायच्या. तो देश नकाशात शोधायचा, तिथलं पीक, तिथल्या बायकांची कामं, त्यांची दुःखं समजून घ्यायची. ज्या बाईसाठी प्रार्थना करायची तिची काही माहिती हवी, हा त्यामागचा आग्रह मला फार आवडतो.

२०१७ साली क्रम फिलिपिन्सचा होता. तिथल्या गावांत शेतकरी मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात राबतात आणि पीक वाटून घेतात, हे वाचल्यावर शेवगावकडच्या एक आजी पत्रिका बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, ही तर आमची इर्जिक!" मग तासभर त्या इर्जिकीचंच बोलत राहिल्या. किती औतं यायची, दुपारच्या जेवणाला काय असायचं, कोणत्या घरच्या बायका रांधायच्या. २०१९ साली स्लोव्हेनियाच्या बायकांनी मोठ्या मेजवानीचा दाखला निवडला होता: या, सगळं तयार आहे. त्यांच्याकडचे तांबडे कार्नेशन आम्ही मार्केट यार्डातून आणले, पांढऱ्या चादरीवर भाकरी मांडली. कसबा, नाना पेठ, घोरपडी, वानवडी अशा निरनिराळ्या मंडळ्यांतून बायका आल्या होत्या. एरवी आपापल्या पंथाच्या पद्धतीला धरून राहणाऱ्या बायका त्या दिवशी एकच क्रम एका आवाजात म्हणत होत्या.

याच मंडळाची सहल दौंडच्या गाडीने केडगावला जायची, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि तिथल्याच बायका-मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. आई दर वेळी हे नव्या मुलींना नव्याने सांगायची.

डिसेंबरच्या नाताळ फेऱ्या मात्र तरुण संघाच्या. पेटी, ढोलकी, टाळ घेऊन रास्ता पेठेपासून घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत, कधी पीएमटीने, कधी टेम्पोतून. प्रत्येक घरी करंज्या, शंकरपाळे, बेकरीत भाजून आणलेली नानकटाई. ज्या घरात त्या वर्षी मयत झालेलं असे तिथे आम्ही हळू चालीचं गीत घ्यायचो, आणि ती घरं कधीच वगळायची नाहीत असा नियम होता. कोणाच्या घरी काय झालंय हे फेरीच्या पुढाऱ्याला ठाऊक असायचं, कारण तो दर रविवारी चर्चला असायचा.

सणांविषयी मला जे म्हणायचंय ते हेच. सणाला बाक पुरत नाहीत, उशिरा आलेले खिडकीबाहेर उभे राहतात. पुढच्या रविवारी पुन्हा नेहमीची तेवढी माणसं. पण अंडं कोणाच्या पदरात होतं, दोन जावा का बोलत नव्हत्या, कोणत्या घरी हळू चालीचं गीत घ्यायचं, हे त्या साध्या रविवारच्या माणसांनाच ठाऊक असतं. सण त्यांच्यावर उभा असतो. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, एकमेकांना उत्तेजन द्या, असं इब्री लोकांच्या पत्रात लिहिलं आहे. ते लिहिलं गेलं तेव्हाही काहींनी येणं सोडलंच होतं.

२०२० सालचा प्रार्थना दिन ६ मार्चला झाला. क्रम झिंबाब्वेच्या बायकांचा, वाचन योहानाच्या पाचव्या अध्यायातलं. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस तळ्याकाठी पडून आहे आणि म्हणतो, मला पाण्यात सोडायला माझं कोणी नाही. त्याच महिन्यात चर्चची दारं बंद झाली. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, सगळं मोबाइलवर. पाळकसाहेबांनी फार कष्टाने उपासना आमच्यापर्यंत पोहोचवली आणि म्हाताऱ्यांना तिचा खरोखर आधार झाला. पण स्क्रीनवर कोण आलं नाही हे कळत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये, पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. पहिल्या रविवारी लोक एक-एक बाक सोडून बसले आणि मास्कमधूनच गायले. गीत संपल्यावरही कोणी पटकन खाली बसेना.

आता मंडळीतली घरं वाघोली, हिंजवडी, पिंपळे सौदागरला पांगली आहेत. रविवारी सकाळी पेठेत येऊन गाडी लावायची म्हणजे अर्धा दिवस जातो. तरी जे येतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि जे येऊ शकतात पण येत नाहीत त्यांना मी बोलावत राहते.

हे बोलावणं मी आईकडून घेतलं. शेवटच्या आजारपणात तिला चर्चला जाता येईना, तेव्हा पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन यायचे आणि महिला मंडळाच्या मावशी बुधवारी येऊन पलंगाभोवती बसून गायच्या. रविवारी मी उपासनेहून परतले की ती उशाला टेकून बसलेली असायची. उपदेश कशावर झाला हे ती नंतर विचारायची. आधी विचारायची, कोण कोण आलं होतं? मी नावं सांगायचे, ती बोटांवर मोजत जायची. मग आली नव्हती त्यांची नावं स्वतःच काढायची आणि म्हणायची, "लाव बघू फोन तिला, काय झालंय विचारते."