एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला, मग अपिलाचं काय?

बांधावरून शेजाऱ्यांनी बाबांवर ताब्याचा दावा लावला होता. समन्स गावच्या बंद घराच्या दाराला चिकटवलं गेलं. आमचं सगळं कुटुंब कित्येक वर्षं पिंपरीत राहतंय. एकतर्फी हुकूमनामा (आमची बाजू न ऐकताच दिलेला निकाल) झाल्याचं कळलं ते दरखास्तीची (त्या निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस आली तेव्हाच, आणि ती मात्र बरोबर पिंपरीच्या पत्त्यावर आली. पुढे हाच मुद्दा आमच्या सर्वात जास्त कामी आला.

वकील मॅडमनी दोन्ही वाटा एकदम धरल्या. दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, आणि जिल्हा न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 96 खाली अपील. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर अर्जाची 30 दिवसांची मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजतात, म्हणून अर्ज मुदतीत बसला. अपिलाचे 30 दिवस मात्र हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच धरतात. ते उलटून गेले होते, त्यामुळे सोबत विलंबमाफीचा अर्ज. विलंब माफ होईपर्यंत अपिलात स्थगितीही मिळत नाही. ते दिवस फार वाईट गेले, ताबा घ्यायला न्यायालयाचा बेलीफ कधी येईल याचा नेम नव्हता. शेवटी विलंब माफ झाला आणि दरखास्तीला स्थगिती मिळाली.

मग मला वाटलं, आता अपीलच लवकर चालवून मोकळं व्हावं. मॅडमनी ठाम नकार दिला. अपील गुणदोषावर किंवा अन्य कारणाने निकाली निघालं, तर नियम 13 चा अर्ज चालतच नाही. अपवाद एकच, अपीलकाराने स्वतः अपील मागे घेतलं तर. संहितेच्या 1976 च्या दुरुस्तीत हे स्पष्टीकरण आलं, आणि भानू कुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही दोन्ही उपाय एकदम करता येतात, पण अपील फेटाळलं की अर्ज संपतो, असं सांगितलं आहे. शिवाय अपिलात आम्ही भांडणार कशावर? बाबांची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) नाही, साक्ष नाही, वादीची उलटतपासणी नाही. म्हणून आधी अर्ज चालवला.

अर्ज मंजूर झाला. खर्च भरण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीला.

त्या संध्याकाळी बाबांचा पहिला प्रश्न, "अपील बंद झालं तर स्थगिती जाईल ना?" मॅडम म्हणाल्या, "काका, ज्या हुकूमनाम्याला स्थगिती होती तो हुकूमनामाच उरला नाही. दरखास्त कशाची चालवणार?" अपिलाचंही तेच. ज्याविरुद्ध अपील केलं तेच नाहीसं झालं, म्हणून अपील निरर्थक ठरतं. त्यात आमचं बरोबर की वादीचं, याचा निवाडा होत नाही.

तरी मॅडमनी घाई केली नाही. अर्ज मंजुरीच्या आदेशावर अपील नसलं तरी वादी उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकत होता, आणि तिथे आदेश फिरला असता तर जुना हुकूमनामा पुन्हा उभा राहिला असता. मला त्यांची ही सावधगिरी सगळ्यात मोलाची वाटते. त्यांनी जिल्हा न्यायालयात पुरसीस (लेखी निवेदन) दिली: हुकूमनामा रद्द झाल्याने अपील उरत नाही, मात्र तो आदेश बदलल्यास अपील पुन्हा चालवण्याची मुभा असावी. न्यायालयाने ती मुभा ठेवून अपील निकाली काढलं.

खर्चाची रक्कम मुदतीत भरली, पावती दाखल केली. कैफियतही दिली आहे. आता वादीची उलटतपासणी सुरू होईल.