हाडांचे डॉक्टर असताना संधिवाततज्ज्ञ कशाला?

मला आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) आहे हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग हाडांच्या डॉक्टरांकडे का नाही जात?' आणि लगेच दुसरा: 'माझेही गुडघे दुखतात, मीही दाखवू का?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मोडलेलं हाड, फाटलेलं लिगामेंट, झिजून बदलायला आलेला सांधा ही ऑर्थोपेडिक सर्जनची कामं. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट, हे मूळचे मेडिसिनचे डॉक्टर. ते फार तर सुईने सांध्यातलं पाणी काढतील किंवा सांध्यात इंजेक्शन देतील, पण ऑपरेशन करत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठते तेव्हा जे आजार होतात, ते मुख्यतः त्यांच्या वाट्याचे: आमवात, ल्युपस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याला सूज आणणारा संधिवात), सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, रक्तवाहिन्यांना सूज आणणारे आजार. युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साचून होणारा गाऊटही तेच बघतात. म्हणून दुखणं बोटांचं असलं तरी ते डोळे लाल होतात का, तोंड कोरडं पडतं का, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, असलं काहीबाही विचारत बसतात. त्यातलं काहीच फिजूल नसतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही म्हणता येत नाही. किती दुखतं यापेक्षा कधी दुखतं हे बघावं लागतं. गुडघे जिना चढताना दुखतात, बसलं की बरं वाटतं, सकाळी पाच-दहा मिनिटांत मोकळे होतात, तर ती बहुधा झीज. त्याला तुमचे नेहमीचे डॉक्टर आणि नेमाने केलेला व्यायाम बऱ्याचदा पुरतो. पण सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास धरलेली, ब्रशवर पेस्ट घ्यायची तरी ट्यूब दाबली जात नाही, आणि कामाला लागल्यावर हळूहळू सुटतात, हे प्रकरण वेगळं. त्यात सूज दिसत असेल तर थांबू नका. युलार या संधिवातासाठी काम करणाऱ्या युरोपीय संघटनेची शिफारस अशी की सांध्यांना सूज आलेल्या माणसाला लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञाने बघावं. कारण सुजेमुळे हाडाचं एकदा झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. औषध पुढचं रोखतं.

तपासणी बघण्यासारखी असते. माझे डॉक्टर आधी हात मिळवल्यासारखा तळहात आडवा दाबतात, बोटं जिथून निघतात त्या गाठींवर. सूज असेल तर जीव कळवळतो. मग दोन्ही अंगठ्यांनी एकेक पेर चाचपतात. आमवाताची सूज मऊ, स्पंजासारखी दबते. झिजेमुळे वाढलेली गाठ हाडासारखी टणक लागते. आमवात सहसा बोटांच्या टोकाचं पेर सोडून देतो, झीज नेमकी तिथेच बसते. एवढं सगळं कुठल्याही मशीनशिवाय कळतं.

म्हणून कुणी नुसता रिपोर्ट नाचवत 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला हो' म्हणालं की मी आधी विचारते, सांधे सुजलेत का? आमवाताच्या तपासणीत रक्तात बघतात तो हा फॅक्टर निरोगी माणसांतही सापडतो, वयाबरोबर वाढतो, काही जुनाट संसर्गांतही दिसतो. उलट आमवात असूनही तो निगेटिव्ह येणारे कितीतरी आहेत. गाऊटच्या ऐन झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं. रिपोर्टवरून स्वतःच आजार ठरवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

तरुणांची कंबरदुखी हा यातला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेली, पहाटे झोपेतून उठवणारी, आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने कमी होणारी कंबरदुखी खुर्चीवर किंवा गादीवर ढकलून चालत नाही; ती वर सांगितलेल्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची असू शकते.

काही वेळा अपॉइंटमेंटची वाट बघण्यातही अर्थ नसतो. एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि नजर अंधूक होणं एकत्र आलं तर नजर जाण्याचा धोका असतो. दोन्हींत त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

'ते स्टेरॉईडच देतात ना?' हेही ऐकते. फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉईड दिलं, 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि दुष्परिणामही लवकरच कळून चुकले. आज स्टेरॉईड बहुधा कमी डोसमध्ये, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत वापरतात. मात्र ते मनाने एकदम बंद करू नये. आमवातात मुख्य औषध बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्यावर असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी होते, आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

संधिवाततज्ज्ञाकडे जाताना चालू औषधांची यादी न्या. सूज आली की फोनवर फोटो काढून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी ती नेमकी ओसरलेली असते.